यंत्रमागाची धूळ आणि सीमेवरचे पाणी

कागल आणि निपाणी तालुक्यांच्या सीमेवर गेली काही वर्षे एका पाणी योजनेवरून वाद धुमसत आहे. इचलकरंजी शहराला दूधगंगा नदीचे पाणी कागल तालुक्यातील सुळकूड येथून उचलून नेण्याची ही योजना. केंद्राच्या अमृत अभियानातून तिला मंजुरी मिळाली, पण काम पुढे सरकले नाही. दूधगंगेच्या काठावरील शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि हा विरोध महाराष्ट्राच्या हद्दीत थांबला नाही. नदी पुढे बेळगाव जिल्ह्यात शिरते, त्यामुळे सीमेपलीकडील गावांनाही आपल्या पाण्याची चिंता वाटू लागली. काळम्मावाडी धरणातील सुमारे २५ टीएमसी पाण्यापैकी ४ टीएमसी कर्नाटकाच्या वाट्याचे आहे, आणि निपाणी व चिक्कोडी भागातील ऊस, तंबाखू व भाजीपाला त्या पाण्याकडे डोळे लावून असतो.

वरवर पाहता हा शहर विरुद्ध शेती असा नेहमीचा पाणीतंटा वाटतो. इचलकरंजीच्या उंबऱ्यावरून पंचगंगा वाहते, तरीही तिला दुसऱ्या नदीकडे हात पसरावा लागतो. ही वेळ तिच्यावर प्रथमच आलेली नाही. पंचगंगेचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून शहराने शिरोळ तालुक्यातील मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना, तेव्हा वारणेवरील दानोळीचा विचार झाला. २०१८ मध्ये दानोळीकरांनी रस्त्यावर उतरून ती योजना अडवली. त्यानंतर आली दूधगंगा. पंचगंगा, कृष्णा, वारणा, दूधगंगा हा क्रम नकाशावर ठेवून पाहिला, की एका वस्त्रोद्योग नगरीच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीचा हिशेब समोर येतो.

हा हिशेब सुरू होतो १९०४ साली. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढील काही दशकांत घरोघरी खडखडाट सुरू झाला, सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्राचे मँचेस्टर ही उपाधी शहराला चिकटली. आज लाखाहून अधिक मागांचे हे शहर २०२२ पासून महानगरपालिका आहे. त्याचे आर्थिक क्षेत्र मात्र महापालिकेच्या हद्दीत कधीच मावले नाही. निपाणी तालुक्यातील माणकापूर, बोरगाव यांसारखी गावे कागदावर कर्नाटकात आहेत. त्यांच्या मागांना लागणारे सूत, सुटे भाग आणि कापडाचा व्यापारी यांचा रस्ता इचलकरंजीकडेच जातो. कागल आणि हातकणंगले परिसरातील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्यांतही सीमेपलीकडचे लोक असतात. सीमाप्रश्नाच्या भाषणांत न येणारी ही सीमा रोज सकाळी दुचाकीवरून ओलांडली जाते.

कापड विणण्यात पाणी फारसे लागत नाही. पाणी लागते ते विणण्याच्या आधी आणि नंतर. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, ज्याला सारे सायझिंग म्हणतात. विणून झालेल्या कापडातून तीच खळ धुऊन काढावी लागते. त्यानंतर ते विरंजकात उकळते, रंगवले जाते, पुन्हा धुतले जाते. एक किलो कापडावर या साऱ्या प्रक्रियेत शंभर लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. धुऊन निघालेल्या खळीतील स्टार्च नदीत गेला, की तो कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो. प्रोसेसिंगच्या सांडपाण्यातील सेंद्रिय भाराचा मोठा हिस्सा या एका खळीचा असतो. लोकांना दिसतो तो रंग. रंगाहून हट्टी असते ते रंग बसवण्यासाठी वापरलेले मीठ. साध्या प्रक्रिया केंद्रातून सेंद्रिय घाण बरीच कमी होते, पण मीठ पाण्यासोबत तसेच पुढे जाते. शुद्ध केलेले पाणी म्हणून ज्याची नोंद होते, ते शेताला दिले तर माती हळूहळू मिठावते.

येथे एक गल्लत टाळायला हवी. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भयानक साथ आली. हजारो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. तेव्हा बोट आधी रंगाच्या कारखान्यांकडे वळले. ती साथ हिपॅटायटिस ई या विषाणूची होती आणि हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो, रंगातून नाही. पंचगंगेत इचलकरंजीच्या आधी कोल्हापूर शहराचे सांडपाणी येते. जयंती नाल्याचे नाव कोल्हापूरकरांना त्यासाठीच पाठ आहे. शिवाय काठावरील गावांची गटारे आहेत, साखर कारखाने आहेत. सारा दोष प्रोसेसर्सच्या माथी मारला, की नगरपालिका, महापालिका आणि ग्रामपंचायती सुटतात. उद्योगाचे प्रतिनिधी नेमके हेच बोलतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्यांचे म्हणणे जेथे संपते तेथे दुसरा प्रश्न सुरू होतो. कुजणाऱ्या खळीने प्राणवायू गमावलेली नदी मैला पचवण्याची आपली नैसर्गिक ताकदही गमावते. दोन्ही घाणी एकमेकींना बळ देतात. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो, तो या संगनमताचा परिणाम होय.

तेरवाडच्या खाली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. दत्तपादुकांच्या दर्शनाला गोव्यातून जाणारे असंख्य भाविक या संगमावर स्नान करतात. कृष्णा तेथून राजापूर बंधाऱ्याकडे जाते आणि खिद्रापूरच्या पलीकडे जुगूळ हे बेळगाव जिल्ह्यातील गाव लागते. म्हणजे कोल्हापूर आणि इचलकरंजी यांनी सोडलेले पाणी काही तासांच्या प्रवासानंतर कर्नाटकातील कागवाड, अथणी, चिक्कोडी तालुक्यांचे पिण्याचे पाणी होते.

दोन राज्यांतील पाण्याचा प्रश्न गोव्याला नवा नाही. म्हादईचा लवाद, २०१८ चा निवाडा आणि त्यानंतर नेमलेले ‘प्रवाह’ प्राधिकरण यांची चर्चा येथील वाचक वर्षानुवर्षे ऐकत आहे. त्या चर्चेचे एकक कायम टीएमसी असते. कृष्णेचेही तेच झाले. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने आणि पुढे ब्रिजेशकुमार लवादाने पाणी वाटले ते घनफुटांत. वाट्याला आलेले पाणी कोणत्या रंगाचे आणि कोणत्या वासाचे असावे, हा प्रश्न लवादांच्या गणितात दुय्यमच राहिला. प्रदूषणाचा कायदा वेगळा, १९७४ चा, आणि त्याची अंमलबजावणी करणारी मंडळे राज्यनिहाय. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी राजापूरपर्यंत नमुने घेऊ शकतो, त्यापुढची जबाबदारी कर्नाटकाच्या मंडळाची. खालच्या राज्याच्या मंडळाला वरच्या राज्यातील कारखान्याला नोटीस देता येत नाही. वरच्या राज्याच्या मंडळाला खालच्या गावातील रोग्यांची संख्या कळवण्याची बांधिलकी कोणावर नाही.

गंमत अशी, की या अडचणीची जाण कायदा करणाऱ्यांना होती. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम १३ मध्ये लगतच्या राज्यांनी करार करून संयुक्त मंडळ स्थापन करावे, अशी तरतूद स्पष्ट आहे. पन्नास वर्षांत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी कृष्णा खोऱ्यासाठी तिचा आधार घेतला नाही. ज्या दोन राज्यांना बेळगावच्या दुकानांवरील पाट्यांच्या भाषेवरून एकमेकांच्या बसगाड्या रोखता येतात, त्यांना एका बंधाऱ्यावर एकत्र नमुना घेणारा माणूस नेमता आलेला नाही.

तमिळनाडूतील तिरुपूरचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथील नोय्यल नदी होजिअरीच्या रंगाई कारखान्यांनी मारली. ओरातुपालयम धरण शेतीसाठी बांधले आणि त्यात साठले ते क्षारयुक्त रंगीत पाणी. खालच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची, म्हणजे शून्य विसर्गाची, पद्धत तेथे रुजली. राज्य सरकारने त्यासाठी बिनव्याजी कर्जाचा हात दिला. कौतुक करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. पाणी आटवून मीठ वेगळे करण्याला वीज फार लागते, म्हणून लहान कारखानदाराला ती पद्धत परवडत नाही. आणि बंदीच्या काळात काही रंगाईकाम दुसऱ्या जिल्ह्यांत सरकले. इचलकरंजीच्या बाबतीत हीच भीती अधिक खरी ठरू शकते, कारण येथे दुसरा जिल्हा म्हणजे दुसरे राज्य आहे. एका मंडळाने चाप ओढला, की भट्टी वीस किलोमीटर सरकवून दुसऱ्याच्या हद्दीत पेटवता येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा कार्यरत नसलेले उद्योग बंद करण्याचे निर्देश साऱ्या देशाला दिले होते. निर्देश देशाचा, तपासणी मात्र राज्याची, अशी ही अवस्था आहे.

सुळकूडच्या वादात दूधगंगाकाठचा शेतकरी एक बिनतोड प्रश्न विचारतो. ज्यांनी आपली नदी नासवली, त्यांना आमची का द्यायची? उत्तर देणे अवघड आहे. पण हा प्रश्न ज्याला विचारला जातो, तो नळाला चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट पाहणारा मागवाला, कांडी भरणारी बाई, सायझिंगमधला हमाल असतो. नदी नासवण्याच्या निर्णयात त्याचा सहभाग नव्हता, आणि त्या उद्योगाची दुसरी किंमत तो आपल्या शरीराने आधीच भरत आहे.

कापसाची धूळ दीर्घकाळ फुप्फुसात गेली, की बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. त्याची सुरुवात विलक्षण असते. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी बरे वाटते. म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणत. वर्षे उलटतात तशी ही आवळण सोमवारची मंगळवारी, मग आठवडाभर आणि अखेरीस कायमची होते. दमा समजून औषध घेतले जाते, क्षयाच्या तपासण्या होतात, आणि कामाशी असलेला संबंध केसपेपरवर येतच नाही. सूतगिरणीतील ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात धूळ सर्वाधिक, मागावर त्याहून कमी. मागावरची मोठी इजा कानांची. शटलच्या साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. भारतीय नियमांप्रमाणे ९० डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम दोन तास ही मर्यादा आहे. पाळी असते बारा तासांची. मागवाल्यांच्या वस्तीत माणसे रस्त्यावरही ओरडून बोलतात, त्याचे कारण स्वभावात नाही. रंगाईच्या खात्यात त्वचेचे विकार आणि रसायनांच्या वाफा आहेत. कर्करोगाशी संबंध असलेल्या काही अझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली आणि निर्यात अडू नये म्हणून भारतानेही १९९७ मध्ये ती आणली. युरोपातील ग्राहकाच्या कातडीची काळजी अशी वाटेत येथील कामगाराच्याही उपयोगी पडली.

बिसिनोसिस आणि आवाजाने येणारे बहिरेपण या दोन्हींचा समावेश कारखाने कायद्याच्या अधिसूचित आजारांच्या यादीत होता आणि नव्या श्रमसंहितेतही अशी यादी आहे. डॉक्टरला असा रोगी आढळला तर त्याने कळवणे बंधनकारक आहे. नुकसानभरपाईचा हक्कही कायद्याने दिला आहे. मग नोंदी का होत नाहीत? कारण संख्येत दडले आहे. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला किमान १० कामगारांची अट होती. महाराष्ट्राने ती दशकभरापूर्वी २० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने २० चा उंबरठा देशभर आणला, आणि १० पेक्षा कमी कामगारांची आस्थापने सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेरच ठेवली. एक माणूस चार ते आठ माग सांभाळतो. चोवीस मागांच्या शेडला एका पाळीत तीन ते सहा माणसे पुरतात. म्हणजे इचलकरंजी, माणकापूर किंवा बेळगावच्या वडगावातील सर्वसामान्य यंत्रमाग शेड कायद्याच्या भाषेत कारखाना ठरतच नाही. नव्या संहितेने चाळीशीवरील कामगारांना वार्षिक मोफत आरोग्य तपासणी देऊ केली, हे तिचे श्रेय. ज्या उद्योगात ती सर्वाधिक हवी, तेथील बहुसंख्य कामगार तिच्या दाराबाहेर उभे आहेत. किमान वेतनाचा इतिहासही याच वृत्तीचा आहे. महाराष्ट्रात यंत्रमाग कामगारांचे किमान वेतन १९८६ नंतर सुधारले गेले ते थेट २०१५ मध्ये, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी इचलकरंजीच्या सायझिंग कामगारांना त्याच वर्षी दीर्घ संप करावा लागला.

बेळगावचे चित्र थोडे निराळे आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत माग शेडपेक्षा घरात अधिक. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि मधल्या जागेत शाळेची मुले. विणकरांत कन्नड, मराठी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. साडीसाठी कृत्रिम धागा मोठ्या प्रमाणात वापरात आल्यामुळे कापसाच्या धुळीचा त्रास कमी झाला, पण आवाज चोवीस तास घरात राहिला. कारखान्यातील कामगार निदान पाळी संपल्यावर बाहेर पडतो. घरच्या मागावरील विणकराचे लहान मूल त्या आवाजात झोपते, अभ्यास करते. कोणत्याही श्रमसंहितेत त्या मुलासाठी डेसिबलची मर्यादा नाही.

या वस्त्यांची गटारे अखेरीस बळ्ळारी नाल्याला मिळतात. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगाव, जुने बेळगाव यांच्या शिवारातून जाणारा हा नाला शहराचे सांडपाणी घेऊन मार्कंडेय नदीकडे जातो. पावसाळ्यात तो फुगून भातशेतीत पसरतो आणि बेळगावच्या प्रसिद्ध बासमतीचे पीक कुजवतो. शेतकऱ्यांची निवेदने दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचतात. हलग्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी सुपीक जमीन घेण्यावरून संघर्ष झाला, तेव्हाही शेतकऱ्याला एकच निवड दिली गेली होती. जमीन द्या, नाहीतर घाण सोसा. गोव्याच्या बाजारात रोज पहाटे उतरणारी भाजी बेळगाव तालुक्यातून येते, तेव्हा या नाल्याच्या पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे निष्कर्ष जाहीर होणे ही केवळ बेळगावकरांच्या हिताची बाब नाही.

निपाणीला या बाबतीत एक जुना अनुभव आहे आणि तो वस्त्रोद्योगाच्या उपयोगाचा आहे. तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्यात हजारो स्त्रियांनी आयुष्य घालवले. त्यांचेही काम बहुतांशी घरोघरी विखुरलेले, मालक कोण हे सांगणे कठीण, आणि खोकला रोजचा. सुभाष जोशी यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत त्यांची संघटना उभी राहिली. देशपातळीवर विडी कामगारांसाठी १९६६ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा झाला. विडीवरील उपकरातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. कारखान्यात किती माणसे आहेत हा प्रश्न त्या निधीने विचारला नाही. घरी बसून विडी वळणारी बाईही कामगार ठरली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. दवाखान्यांची रया तेव्हापासून आणखी उतरली, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण उत्पादनावर अल्प आकार लावून विखुरलेल्या कामगाराच्या आरोग्याची सोय करता येते, हे सीमाभागातील एका गावाने चाळीस वर्षे पाहिले आहे. कापडाच्या मीटरमागे असा आकार लावण्याचा विचार महाराष्ट्र किंवा कर्नाटकाच्या वस्त्रोद्योग धोरणात ठळकपणे दिसत नाही. तेथे भर असतो वीज सवलत, व्याज अनुदान आणि मागांच्या आधुनिकीकरणावर. आधुनिक शटलविरहित माग तुलनेने वेगवान असतात आणि त्यांच्यावर माणसे आणखी कमी लागतात, म्हणजे शेड कायद्याच्या उंबरठ्यापासून आणखी दूर जाते.

सुळकूडच्या वादावर आता पर्यायी उद्भवांचा विचार सुरू आहे. शिरोळकडे पुन्हा कृष्णा, किंवा आणखी खालचा एखादा डोह. यांपैकी कोणताही पर्याय निवडला, तरी पंचगंगेत येणारी खळ, मीठ आणि मैला आहे तेथेच राहतो आणि कृष्णेतून जुगूळला पोहोचतो. जलवाहिनीसाठी निधी आहे. कलम १३ खालील संयुक्त मंडळाला लागतील ती दोन प्रयोगशाळा आणि दोन मुख्यमंत्र्यांच्या सह्या. तेरवाड, राजापूर आणि येडूर या तीन ठिकाणी दोन्ही राज्यांनी एकाच दिवशी, एकाच बाटलीतून नमुना घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध करायला त्या मंडळाचीही वाट पाहावी लागत नाही. त्याच महिन्यात इचलकरंजी, निपाणी आणि बेळगाव येथील सरकारी रुग्णालयांनी श्वसनाच्या रुग्णाला व्यवसाय विचारून तो केसपेपरवर लिहायला सुरुवात केली, तर बिसिनोसिसचा पहिला नोंदलेला रोगी सापडायला फार दिवस लागणार नाहीत.